हौसरावांचं पाणी

आमच्या वडगाव रासाईच्या ख्रिस्ती वस्तीला नळ आला तो हौसराव आप्पांच्या विहिरीवरून. चर्चवरचे पत्रेही त्यांनीच घातले. बदल्यात त्यांनी काही मागितलं नाही. पण निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या विश्वजीतकडच्या लग्नात आमच्यातलं कुणी जेवून आलं, की नळाची धार बारीक व्हायची. मोठे देश छोट्या देशांना गहू-औषधं देऊन असंच दावणीला बांधतात, असं टीव्हीवर सांगतात. त्यासाठी टीव्ही कशाला लावायचा, आमच्या वस्तीत या.

माझ्या नवऱ्याला, स्टीफनला, भर दुपारी उसात घोणस चावली. मोटारसायकलवर बसवायला गेलो तर त्याला बसताच येईना. विश्वजीतची रुग्णवाहिका जवळच फाट्यावर उभी असते. मी फोन लावायला घेतला, तर सासऱ्यांनी तो हातातून काढून घेतला. माझे सासरे सत्यवान आबा म्हणजे वस्तीचे पंच.

"राहेल, त्या गाडीत पाय ठिवला की उद्या आख्ख्या वस्तीचं पानी बंद. आप्पांची गाडी निघालीया दौंडहून."

"आबा, तुमचा लेक हाय त्यो!"

"म्हनूनच. पंचाच्याच घरानं आधी फुटायचं व्हय?"

मी त्यांच्या पाया पडले. मग शिव्याही दिल्या. ते ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहिले. स्टीफन तेवढ्यातही मला म्हणाला, "आबांना बोलू नगं." त्यानंतर तो नीट असं काही बोललाच नाही.

आप्पांची गाडी आली ती दौंडच्या सभेची माणसं घरोघर सोडून, दिवेलागणीला. दवाखान्यात नेताना दौंडचा पूल यायच्या आत स्टीफनने माझ्या मांडीवर जीव सोडला.

मातीला आप्पा स्वतः आले. पेटीजवळ उभे राहून म्हणाले, "मानसं असावीत तर अशी! लेक गेला, पन दुसऱ्याच्या दारात गेली न्हाईत. ह्या वस्तीला सिमेंटचा रस्ता दिला मी."

माझ्या अंगाची आग झाली. आबांनी आता त्यांच्या तोंडावर थुंकावं, एवढंच मला हवं होतं. आबांनी सवयीने हात जोडले.

जोडले ते सुटेनात. चर्चच्या पाळकांनी माती टाकायला सांगितलं, तरी आबा तसेच हात जोडून उभे. शेवटी मीच त्यांचे हात सोडवले आणि मुठीत माती दिली.