पाणाड्याची परीक्षा

पंजाबराव मास्तरांनी जन्मभर भुतांचा पिच्छा पुरवला. अमडापूरच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी पार सोनाळ्यापर्यंत गावोगाव हिंडून करणी, भानामती, अंगात येणं, सगळ्यांची साल काढली. लिंबातून रक्त काढून दाखवायचे, पाण्यानं दिवा पेटवायचे, आणि मग लोकांवरच डाफरायचे, "यात काय जादू हाये बे? डोक्सं वापरा!" एका गोष्टीवर मात्र ते स्टेजवर कधी अवाक्षर बोलले नाहीत, ती म्हणजे पाणाड्या. कोणी मुद्दाम खोचून विचारलं, "मास्तर, नारळानं पाणी सापडते का हो?" की मास्तरांना हटकून खोकला यायचा.

कारण साधं होतं. पंचक्रोशीतला नामी पाणाड्या सहदेव हा त्यांचा जिवाचा दोस्त. घर तीन घरं सोडून.

सहदेवची रीत सगळ्यांना पाठ. पायातली चप्पल काढायची, तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि शेतातून सावकाश चालायचं. नारळ जिथं उभा राहील तिथं विहीर. पाणी लागलं की गावभर बोलबाला, नाही लागलं की शेतकऱ्याचं नशीब खोटं! मास्तरांना कळत होतं, माणसाचा हात त्याच्याही नकळत कलतो आणि नारळ उठतो. पण दोस्ताच्या तोंडावर हे बोलायचं कोणी?

सहदेवच्या घरी मूल नव्हतं. बाया म्हणायच्या, जो दुनियेला पाणी दावतो त्याच्या घरचा पाळणा कोरडा राहतो. त्याची बायको गोजरबाई बारशाला गेली तरी भिंतीला टेकून बसायची, कोणाचं लेकरू मांडीवर घ्यायची नाही. कोणी दिलंच, तर हाताला काहीतरी लागलंय म्हणायची.

एके दिवशी सकाळी मास्तर विहाराच्या ओट्यावर पेपर वाचत बसले होते. सहदेव नारळ घेऊन समोर उभा राहिला.

"मास्तर, माही परीक्षा घे."

मास्तरांनी चष्मा काढला. चाळीस वर्षं ज्या घडीची वाट पाहिली ती अशी चालत आली, आणि आता ती नकोशी झाली. समोर सत्तरी उलटलेला सहदेव.

"आता काऊन बे? या वयात?"

"म्हणूनच. गोजरीले खामगावच्या डॉक्टरले दाखवलं. काळीज थकलं म्हणते. तवापासून डोळ्याले डोळा नाही. माह्या हातात खरंच काही हाये का नाही, मले एकडाव समजू दे."

मास्तरांनी शाळेच्या मैदानावर रेघा मारायची फक्की डब्यात भरून घेतली आणि दोघं सहदेवच्या वावरात गेले. हरभरा निघालेला, रान मोकळं. मास्तरांनी दोस्ताच्या डोळ्यांवर दुपट्टा घट्ट बांधला, त्याला जागेवरच चार गिरक्या दिल्या आणि सोडलं.

पहिल्या खेपेला नारळ बोरीजवळ उभा राहिला. मास्तरांनी तिथं मूठभर फक्की टाकली. पुन्हा गिरक्या. दुसऱ्या खेपेला नारळ पार कडेच्या धुऱ्याजवळ उठला, आणि तिसऱ्या खेपेला भलतीकडेच, वावराच्या मधोमध.

झालं! विज्ञान जिंकलं. मास्तरांना मात्र रडू यायला लागलं. डोळे बांधलेला म्हातारा उन्हात उभा, हातात नारळ, आणि तोंडावर पोरासारखी धाकधूक. जन्मभराची कमाई काय, तर हा एवढा मान. तो आपण हिसकायचा? छ्या! मास्तरांनी पायानं तिन्ही खुणा फसाफसा पुसल्या.

"सोड दुपट्टा," ते म्हणाले. "तिन्ही डाव एकाच जागी. मानलं बुवा तुले!"

जन्मात पहिल्यांदा ते निकालाबद्दल खोटं बोलले होते. आता सहदेव मिठी मारेल म्हणून त्यांनी हात पसरले. सहदेव मटकन खाली बसला.

"मंग खरं हाये तर ते," तो म्हणाला.

"काय खरं हाये?"

"पाळण्याचं. माह्या हातात गुण असन, तर तो शापबी खराच ना रे! माह्यापायी गोजरीची कूस सुनी राह्यली. मले वाटलं, तू परीक्षा घेशीन, मी फेल होईन, आन तिले सांगीन, बाई, तुहा काही दोष नाही, माहाबी नाही."

हा नापास व्हायला आला होता, आणि आपण शहाण्यानं त्याला पास केला!

"सहदेव, म्या खोटं बोललो. नारळ तीन जागी उभा राह्यला."

"राहू दे. आता माहं मन राखून राह्यला तू."

"अरे मन मघाशी राखलं होतं, येड्या! पाह्य तिकडं!" मास्तर ओरडलेच. काळ्या रानात बोरीखाली, धुऱ्यापाशी आणि मधोमध, फक्कीचे तीन पांढरे फरकाटे दिसत होते. मास्तरांची चप्पलही पांढरीफेक झाली होती.

सहदेवनं ते तिन्ही फरकाटे बोटानं मोजले. मग पुन्हा मोजले. मग जो उठला, तो मास्तरांच्या हाताला धरून घराकडे निघाला, जणू हातपाय नवे बसवले.

गोजरबाई ओट्यावर मेथी निवडत होती. सहदेव फाटकातूनच ओरडला, "गोजरे, फेल झालो वं मी! माह्या हातात काहीच नाही! कधीच नव्हतं!"

मेथीची जुडी तिच्या हातातच राहिली. "म्हणजे… ते पाळण्याचं?"

"तेबी खोटं."

ती पदरात तोंड घालून पोटभर रडली. कोणी तिला गप्प केलं नाही. मग डोळे पुसून तिनं मास्तरांकडे पाहिलं.

"भाऊजी, तुमाले हे पहिलेपासून ठाऊक होतं?"

"हो, वहिनी."

"सोनाळ्याच्या लोकायले सांगाले जात होते तुम्ही. मी तीन घरावर राह्यतो. मले काऊन नाही सांगितलं?"

भरल्या मैदानात कोणाला हार न गेलेले मास्तर खाली मान घालून उभे राहिले. दोस्ताचं मन राखलं, राखलं, आणि या बाईची चाळीस वर्षं गेली. "चुकलो," एवढंच ते म्हणाले.

गोजरबाईनं सहदेवच्या हातातला नारळ घेतला, पायरीवर दणकन फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मास्तरांच्या हातावर ठेवला.

"तुमची लेक सारिका बाळंतपणाले आली ना? तिचं लेकरू आणजा उद्या. मांडीवर घेतो मी त्याले."

"उद्या काऊन?" मास्तर म्हणाले, आणि पांढरी चप्पल तिथंच पायरीशी सोडून अनवाणी घराकडे पळत सुटले.