नवव्या पाठातली हाक

“पुन्हा म्हणा,” हुओ मास्तर म्हणाले आणि त्यांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला.

पडद्यावर त्यांच्याकडे चिनी शिकणारा तुर्कस्तानातला जेमिल उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून म्हणींचा नववा पाठ घडाघडा म्हणू लागला. नावेतून जाणाऱ्या माणसाची तलवार नदीत पडते. तो नावेच्या काठावर खूण करतो आणि किनाऱ्याला लागल्यावर त्या खुणेखाली तलवार शोधत बसतो. इथवर ठीक होतं. मग त्याच दमात जेमिलनं सूर लावला :

“अहो मास्तर, नूडल्सचा लगदा झाला! म्हणींनीच पोट भरणार आहे का?”

मास्तर पडद्याकडे झुकले. तो शिआन शहराचा ठसकेबाज हेल हुबेहूब त्यांच्या बायकोचा, श्यूल्यानचा होता. तीन वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी हे पाठ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून मारलेली हाक त्यात तशीच राहून गेली होती. पुढच्या वर्षी ती मुलाकडे शेनझेनला गेली, नातीला सांभाळायला. सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता दोन वर्षं झाली. मुलगा मास्तरांनाही बोलवत होता. ते म्हणत, “येईलच की ती परत.” टेबलावर तिच्या जागी तिचा वाडगा ते मांडूनच ठेवत.

“ही म्हण कोशात सापडली नाही, गुरुजी,” जेमिल म्हणाला.

“ती म्हण नाही. ती… माझी बायको आहे.”

“अस्सं! पण तुमच्या पाठात प्रत्येक वाक्याला उत्तर असतं. ह्यालाच नाही.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला.

“मी दिलं नसावं बहुधा.”

“रागावल्या?”

“लगदा तिनं खाल्ला. मला ताजे करून दिले.”

जेमिल हसला. “आमच्याकडे नुसतं ‘आलो’ म्हणून टाकतात, गुरुजी. मग उशीर झाला तरी खपतं.”

तास संपला. पुढचा पाठ काढायचा सोडून मास्तरांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला आणि शेनझेनला लावला.

“काय झालं?” पलीकडून श्यूल्यान. मागे पोरीचं रडणं. “गॅस चालू राहिला का?”

“नाही.”

“मग पाणी गेलं?”

“नाही गं.”

“मग बोला ना पटकन! पोरीला भरवतेय मी.”

“जेवलीस का?”

“हे विचारायला फोन केलात?”

“नाही. म्हणजे… मीच येऊ का तिकडे?”

पलीकडे चमचा वाडग्यात ठेवल्याचा आवाज आला.

“येताना आपल्याकडचं व्हिनेगर आणा,” ती म्हणाली. “इथलं गोडमिट्ट असतं. आणि हाक मारल्यावर लगेच जेवायला बसणार असाल, तरच या.”

मास्तरांनी तिचा वाडगा उचलला. खाली टेबलावर वाटोळा डाग उमटला होता. ओल्या फडक्यानं तो घासताना त्यांना काही केल्या कळेना, व्हिनेगरची बाटली एक न्यावी की दोन.