शिफारशीचा फोन

घारीने स्लाइडवर परागकण रंगवायच्या गुलाबी जेलीचा थेंब सोडला, कव्हरस्लिपची पातळ काच तिरकी टेकवली आणि सुईच्या टोकावर तोलत हळूच खाली उतरवली. आत एकही बुडबुडा राहिला नाही. एरवी "जमलं बघा, सर!" म्हणून तिने प्रयोगशाळा डोक्यावर घेतली असती. आज तिने स्लाइड नुसती बाजूला सरकवली.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सरांचा हा गट जमत असे. त्याला मार्क नाहीत, हजेरी नाही. गच्चीवरच्या सापळ्यात हवेतले परागकण अडकतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे, एवढंच काम. वर्गात घोकून जे येत नाही ते मुलांना इथे यावं, म्हणून सरांनी मोठ्या हौसेने गट काढला होता. सुरुवातीला बसायला स्टुलं पुरत नव्हती. मग मार्क नाहीत हे एकेकाच्या ध्यानात आलं आणि गट आपोआप आटोपशीर झाला. शेवटी उरली दुसऱ्या वर्षाची ही एकटी. तिच्या नजरेमुळे सगळे तिला घार म्हणायचे. ज्या कणावर सर तास तास अडून बसत, तो ती चहाचा कप हातात धरून ओळखायची. सरांचा कित्येक वर्षं रखडलेला शोधनिबंध तिच्या जिवावर पुन्हा चालायला लागला होता. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

एक मोठी संशोधन संस्था निवडक विद्यार्थ्यांना सुट्टीत आपल्याकडे काम करायला बोलवत असे. घारीला अर्ज करायला सरांनीच लावलं होतं. मग एका दुपारी तिथल्या शास्त्रज्ञ बाईंचा त्यांना फोन आला.

"मुलगी हुशार दिसतेय. पण एकटीने काम करेल ना? सारखं कुणी शेजारी लागत नाही ना तिला?"

नुसतं "नाही लागत" म्हणायचं होतं. सरांच्या डोळ्यांपुढे सुट्टीतली रिकामी प्रयोगशाळा आली आणि न बघितलेल्या स्लाइड्सचे खोके आले.

"हुशार आहेच," ते म्हणाले, "पण अजून... जरा बोट धरावं लागतं."

"बरं झालं, आधीच सांगितलंत."

यादी लागली तेव्हा तीत घार नव्हती.

"म्हणजे ती सुट्टीत इथेच," सरांची पत्नी जेवताना म्हणाली. "चला, तुमचं काम तरी मार्गी लागेल."

सरांनी ताट बाजूला सारलं. आपण इतके हलके निघालो, याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून त्यांनी उठून फोन केला, असंही झालं नाही.

आता घारीने सुई पुसून डबीत ठेवली.

"सर, पुढच्या शनिवारपासून मी येणार नाही."

"का गं?"

"काकांच्या दुकानात बसतेय. तुम्ही माझ्याबद्दल चांगलंच सांगितलं असणार. तरी त्यांनी घेतलं नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. उगाच तुमचा वेळ कशाला खाऊ?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. 'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य सरांच्या ओठांवर तयार होतं. ते गिळून त्यांनी स्टूल ओढलं आणि खाली बसले.

"तुझ्यात काही कमी नाही. त्यांनी मला विचारलं, एकटीने काम करेल का. मी सांगितलं, बोट धरावं लागतं."

"पण सर, या सगळ्या स्लाइड्स तर मी एकटीनेच..."

"माहीत आहे."

"मग?"

"तू गेली असतीस तर माझं काम अडलं असतं. म्हणून."

खरं बोलल्यावर हलकं वाटेल अशी सरांची समजूत होती. तसं काही झालं नाही. घारीचे कान लाल झाले. तिने स्लाइड्सच्या खोक्यांकडे एकदा बघितलं.

"म्हणजे मी चांगली आहे?"

"माझ्यापेक्षा."

ती हसली नाही. सरांनी घाईघाईने खिशातून फोन काढला.

"थांब, मी आत्ता त्यांना सगळं खरं सांगतो."

"नंबर द्या. मीच बोलते."

सरांनी नंबर वाचून दाखवला. तिने आपल्या फोनवरून लावला. खोलीत इतकी शांतता होती की पलीकडचा आवाजही सरांना स्वच्छ ऐकू येत होता. घारीने आपण कोण ते सांगितलं. पहिली दोन वाक्यं तिचा आवाज कापला, मग सावरला.

"मॅडम, मी एकटीने काम करते. माझ्या स्लाइड्स पाठवू का? तुम्ही तपासा. या वर्षी जागा नसेल तर पुढच्या वर्षी घ्या."

सर काय म्हणाले होते, का म्हणाले होते, यातलं एक अक्षर तिने काढलं नाही. सरांना भरून आलं. तिने आपल्याला सांभाळून घेतलं, असं त्यांना वाटलं.

"पाठव, बघते," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या सरांनी वेगळंच सांगितलं होतं. आहेत का ते तिथे? एकदा बोलते त्यांच्याशी."

सर उठले आणि त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. घारीने त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "सर इथे नाहीत."