खडूच्या नोटांचा हार

भाऊंनी आपल्या मुलीच्या गळ्यातला हार काढायला हात पुढे केला आणि हळदीने माखलेल्या विनिताने तो हात तिथेच धरला.

"भाऊ, राहू द्या ना."

"अगं, पोरांचं कौतुक हाय मला. पन व्याही बसलेत समोर. ह्यो घाल."

भाऊंच्या दुसऱ्या हातात पाचशेच्या कोऱ्या नोटांचा हार होता. गोदामांसाठी जमिनी विकून पैसा आल्यापासून वळ गावात हळदीला असा हार दिसला नाही, तर घरात काही बिनसलंय का, अशी कुजबूज होते. भाऊ कंजूष नव्हते, दुष्ट तर मुळीच नव्हते. त्यांना फक्त लोकांची भीती वाटायची.

विनिताच्या गळ्यातल्या नोटा ड्रॉइंगच्या कागदाच्या होत्या. गावच्या शाळेत ती सातवीला शिकवते. 'नोटेवर कोणता समाजसुधारक हवा, काढून आणा,' असं तिने वर्गाला सांगितलं होतं. अकरा जणांनी मन लावून रंगीत खडूंनी नोटा रंगवल्या आणि बाईंच्या हळदीला त्या दोऱ्यात ओवूनच आणल्या. सहा जणांनी सावित्रीबाई काढल्या होत्या, तिघांनी जोतिबा, दोघांनी पंडिता रमाबाई. सगळ्यांच्या हातात पुस्तक होतं. आता ती सगळी मुलं पुढच्या सतरंजीवर बसून, भाऊ काय करतात ते बघत होती. त्यांच्यासमोर हा हार उतरवायचा, या कल्पनेनेच विनिताला रडू येत होतं.

"थांबा रं जरा," ठमाबाई म्हणाल्या.

ठमाबाई धवलारीण. लग्नाचे धवले गाणाऱ्या. त्यांनी गाण्यातून आवतण दिल्याशिवाय या गावात देवसुद्धा मांडवात येत नाहीत. देवांचं बोलावणं झालं होतं, आता घरातल्या गेलेल्या माणसांची पाळी होती. एकेकाचं नाव धवल्यात घ्यायचं आणि यजमानाने त्याच्या नावाची सुपारी तांदळावर मांडून हात जोडायचे. लोक आपापल्या वडीलधाऱ्यांचे फोटो आणून ठेवतात, म्हणजे नाव राहून जात नाही.

ठमाबाईंना वाचता येत नव्हतं. डोळ्यांनीही हल्ली दगा दिला होता. त्यांनी विनिताच्या गळ्यातला हार जवळ ओढून निरखला.

"ही कोन गो?"

"सावित्रीबाई."

"आन ही?"

"ती पण सावित्रीबाईच."

असं सहा वेळा झालं. मग जोतिबा आणि रमाबाईंचीही नावं सांगून झाली. ठमाबाईंनी कपाळाला हात लावला.

"सहा जनी न् सगल्या सावित्र्या! तुज्या घरात दुसरं नाव सुचलं न्हाय का कुनाला?"

मांडवात हशा पिकला. विनिता खुलासा करायला गेली, पण तोवर ठमाबाईंनी सूर लावला होता. धवला सुरू झाल्यावर ठमाबाईंना अडवील असा माणूस अख्ख्या वळमध्ये नव्हता. सहा सावित्री आल्या, तीन जोतिबा आले, दोन रमाबाई आल्या, त्यांना पाट द्या, पाय धुवायला पाणी द्या.

"यजमान, सुपाऱ्या!"

भाऊंची पंचाईत झाली. सुपारी मांडून हात जोडायचे, तर दोन्ही हात मोकळे हवेत. त्यांनी पाचशेच्या नोटांचा हार खुर्चीवर ठेवला आणि गुडघे टेकले. पहिल्या दोन-तीन सुपाऱ्या त्यांनी घाईने उरकल्या. मग हात सावकाश चालू लागला. प्रत्येक सुपारीला ते मान वर करून हारातला चेहरा बघत होते, मगच हात जोडत होते. सतरंजीवरच्या मुलांनीही हात जोडले.

व्याही महादूशेट इतका वेळ टक लावून हाराकडे बघत होते. मुलीकडच्या वडीलधाऱ्यांचा मान म्हणून त्यांनीही नमस्कार केला आणि भाऊंच्या कानाशी वाकले.

"भाऊ, सगल्यांच्या हातान पुस्तकं! तुमच्या घरान एवढ्या शिकलेल्या बाया व्हत्या?"

भाऊंच्या हातात शेवटची सुपारी होती. त्यांची आई अंगठा उठवायची. विनिताची आईही अंगठाच उठवून गेली. हो म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

"न्हाय, व्याही," ते म्हणाले. "एक पन नव्हती."

त्यांनी सुपारी तांदळावर ठेवली आणि विनिताकडे बघितलं.

"आता एक हाय. ती बघा, पाटावर बसलीय."