अकरावा सेकंद

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे आणि माझा मुक्काम बुटांच्या रिकाम्या खोक्यात आहे. आपली कहाणी सांगणारे सहसा पराक्रमापासून सुरुवात करतात. माझाही एक पराक्रम आहे आणि तो तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. मला लाज वाटते ती त्याचीच.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. शुद्ध आली ती एका घराच्या मागच्या खोलीत. भिंतींवर जाड रजया ठोकल्या होत्या, खिडकीला गादी उभी केली होती आणि माझ्या तोंडासमोर, बोलणाऱ्याच्या श्वासाचे फटके अडवायला, भरतकामाच्या रिंगवर ताणलेला जुना पायमोजा होता. त्या घरातला थोरला भाऊ आवाज टिपायचा आणि धाकटी बहीण चित्रं काढायची. दोघं मिळून इंटरनेटवर एक मालिका करायचे. तिचा नायक होता गचकू नावाचा कोंबडा. तो प्रत्येक भागात मरायचा. कधी साबणावरून घसरून, कधी 'खाऊ नये' असं लिहिलेलं खाऊन. मग तो भूत होऊन आपल्याच अंत्ययात्रेला यायचा आणि कुरकुर करायचा, "एवढीच माणसं? आणि हा मागचा तर जांभया देतोय!"

गचकूचा आवाज त्यांच्या बाबांचा होता. बाबा बसचे निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं थांब्यांची नावं ओरडून त्यांचा गळा असा तयार झाला होता की नुसतं "मेलो" म्हटलं तरी हसू यायचं. मरताना ते खरोखर गादीवर कोसळायचे, बराच वेळ तसेच पडून राहायचे आणि मग एक डोळा उघडून विचारायचे, "चहाचं काय झालं?"

त्या खोलीचे नियम कडक होते. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायला हमखास विसरायचे आणि दूध नासायचं. सर्वांत मोठा नियम शेवटचा होता. वाक्य संपलं की दहा सेकंद कुणी हूं की चूं करायचं नाही. रिकाम्या खोलीची शांतताही टिपून ठेवावी लागते; जोडकाम करताना ती उपयोगी पडते. थोरला कानांवरचे हेडफोन गळ्यात ओढायचा, दोन्ही पंजे वर धरायचा आणि एकेक बोट मिटत दहा मोजायचा.

पुढे मुलांच्या एका वाहिनीने ही मालिका कार्टूनसाठी घेतली. तिथल्या बाईंनी दोन अटी घातल्या. कोंबडा मरता कामा नये आणि मजा मात्र तेवढीच यायला हवी. गचकूचा टिणकू झाला. तो आता नुसता गार पडायचा आणि जाहिरात लागायच्या आत उठायचा.

पहिल्याच भागात टिणकू शिडीवरून पडणार होता. त्या सकाळी बाबांनी नऊ वेळा किंकाळी फोडली. थोरल्याचं समाधान होईना.

"बाबा, अजून थोडं खरं वाटू द्या ना."

"अरे, आता काय खरंच मरू?" बाबा म्हणाले. घाम पुसून ते पुन्हा माझ्यासमोर उभे राहिले.

दहावी किंकाळी वेगळी होती. ती अर्ध्यात तुटली. बाबा भिंतीला घासत खाली गेले आणि त्यांच्या पायातली एक चप्पल निसटली. थोरल्याने हेडफोन गळ्यात ओढले आणि पंजे वर धरले. धाकटी तोंडावर हात दाबून हसू आवरत उभी होती. एक बोट मिटलं, दोन मिटली. दहा झाल्यावर थोरल्याने खबरदारी म्हणून आणखी एक सेकंद घेतला. मग दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"वा बाबा! याला म्हणतात टेक!"

बाबांनी चहा मागितला नाही. धाकटी पुढे झाली तेव्हा तिला त्यांचं वाकडं झालेलं तोंड दिसलं.

बाबा वाचले, पण उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द घशात अडकू लागले. टिणकूचा आवाज दुसऱ्या नटाला मिळाला. वाहिनीच्या बाईंनी मात्र जुन्या दहाही किंकाळ्या ऐकल्या आणि नेमकी दहावी निवडली. थोरल्याने किंकाळी तेवढी कापून दिली. धाकटीने खाली मान घालून त्या आवाजाबरहुकूम कोंबड्याचं पडणं काढलं. बाईंनी विचारलं, "माईक कुठला वापरता हो? किती स्वच्छ आवाज आलाय!" आणि मित्रांनो, मी फुशारलो. त्या दिवशीही मी फुशारलो, हे मला कबूल करायलाच हवं.

दर भागात ती किंकाळी वाजू लागली. जिन्यात मुलं तशीच ओरडायची आणि गडाबडा लोळायची. बाबा खुर्चीत बसून ऐकायचे.

एका संध्याकाळी कार्टून संपल्यावर त्यांनी थोरल्याला खूण केली. "ते... पुढचं... ऐकव."

"पुढचं काही नाही, बाबा. नुसती शांतता आहे."

"ऐकव."

थोरल्याने ते कधीच ऐकलं नव्हतं, पुसलंही नव्हतं. त्याने ते लावलं. किंकाळी झाली, चप्पल पडली आणि मग अगदी बारीक आवाज आला, "धर रे... धर मला." थोड्या वेळाने पुन्हा, "धर रे." मग टाळ्या.

थोरला दोन्ही हातांत तोंड लपवून बसला. बाबांनी डाव्या हाताने त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"अकरा," ते म्हणाले. "तू... अकरा मोजलेस." आणि तोंडाच्या चांगल्या बाजूने हसले.

"बाबा, माझं चुकलं हो," थोरला म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना सगळं सांगितलं. ती किंकाळी काढली गेली. नव्या नटाची मुलांना फिकी वाटते, असं कळतं.

आता थोरला खोलीची शांतता आधीच टिपून घेतो आणि वाक्य संपताक्षणी समोरच्याला विचारतो, "बरे आहात ना?" प्रत्येक वेळी तो प्रश्न कापून काढावा लागतो. तो कुरकुर न करता कापतो. मला मात्र त्याने खोक्यात ठेवलं. त्याला माझ्याकडे बघवत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

मित्रांनो, गंमत म्हणून पडणारी माणसं पुष्कळ असतात. तरीही प्रत्येक वेळी विचारा. हसं झालं तरी चालेल, पण विचारा. त्या दोघांना काही ऐकू आलं नव्हतं. मी बाबांच्या सर्वांत जवळ होतो. मला पहिल्या सेकंदापासून ऐकू येत होतं, आणि मला वाटत होतं, आवाज किती स्वच्छ येतोय!