युद्ध विझवणारे महाराज

"रशियाचं लष्कर अफगाणिस्तानातून कोणी माघारी काढलं?"

"महाराजांनी!"

"इराण-इराकची लढाई कोणी थांबवली?"

"महाराजांनी!"

सेवक विचारायचा, गर्दी ओरडायची. नाशिकच्या सातपूरला आमच्या कॉलनीमागच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळी सुटलेले कामगार डब्याच्या पिशव्या हातात धरून तसेच उभे, बायका लेकरं मांडीवर घेऊन पुढे बसलेल्या. एक्क्याण्णवचा जानेवारी. थंडीने दात वाजत होते, पण कोणी हलत नव्हतं. मध्ये रांगोळीने जगाचा नकाशा काढलेला, आणि जिथे लढाई तिथे पितळी वाटीत दिवा. नकाशाच्या डोक्याशी खुर्चीत शांतिदूत महाराज. भगवी कफनी, कमरेला लष्करी पट्टा, छातीवर बिल्ले. कुठल्या लढाईत मिळवले, ते विचारायची सोय नव्हती.

"पंतप्रधान, अध्यक्ष, राजे, हे सगळे नावाचे नेते," महाराज म्हणाले. "जगाचा नेता तुमच्यासमोर बसलाय. एकाहत्तर साली ढाक्याला शत्रूच्या सेनापतीने शरणागतीवर सही केली, तेव्हा त्याचा हात मी धरला होता. इथून!"

टाळ्या पडल्या. मग त्यांनी आफ्रिकेतल्या एका दिव्याकडे बोट केलं. "तिथे भाऊ भावाला कापतोय. आज बंद करतो." डोळे मिटून पुटपुटायला लागले, "ओम शांती, सीजफायर, ओम शांती, सीजफायर." ज्योत थरथरली, बारीक झाली आणि गेली. वारा नाही, फुंकर नाही. शेजारचे सगळे दिवे तेवत होते. माझ्याही अंगावर काटा आला. थंडीने आला, असं मी घरी सांगितलं.

एकच दिवा त्यांनी विझवला नाही. इराक आणि कुवेतच्या मध्ये ठेवलेला, सगळ्यात मोठा. "हा पंधरा तारखेला," ते म्हणाले. घरी जाताना जो तो मागे वळून त्या दिव्याकडे बघत होता.

आमच्या घरचं माणूस त्याच दिव्याजवळ होतं. माझा धाकटा लखन सौदीत दम्मामला वेल्डर. तिथून कुवेत मोटारीच्या रस्त्यावर. इराकने कुवेत गिळल्यापासून तिकडे अमेरिकेचे रणगाडे उतरत होते, आणि पंधरा जानेवारीपर्यंत माघार घ्या, नाहीतर लढाई, असं संयुक्त राष्ट्रसंघाने बजावलं होतं. लखनच्या कंपनीने सांगितलं, ज्याला जायचंय त्याने शनिवारी पासपोर्ट घेऊन निघावं, नंतरचं आम्ही सांगत नाही. शुक्रवारी कोंडाजीच्या दुकानातल्या फोनवर तो विचारणार होता, येऊ की राहू?

लखनची बायको, माझी सून मोहिनी, हा प्रश्न घेऊन आधीच महाराजांकडे जाऊन आली होती.

"लढाई होणारच नाही, असं म्हणाले. आणि जो पळेल त्याच्या मागे लढाई लागेल. विमानातसुद्धा." बोलताना तिचा घास ताटातच राहिला. "आत्या, ह्यांना तिथेच राहू द्या. मी हात जोडते."

शेजारच्या वत्सलाबाईंचा अश्विन लखनच्याच खोलीवर राहायचा. त्यांनी तर त्याला फोनवर सांगूनही टाकलं होतं, हलू नको म्हणून.

माझी लेक सविता महापालिकेच्या शाळेत शिकवते. ती वह्या तपासायच्या सोडून उठली.

"वहिनी, इराण-इराकची लढाई आठ वर्षं चालली. लाखो माणसं मेली. महाराजांच्या हातात होतं तर आठ वर्षं कशाची वाट बघत होते?"

"योग यावा लागतो, वन्सं."

"बरं. रशियाचं लष्कर निघालं, पण अफगाणिस्तानात गोळीबार थांबला का? कालच्या पेपरात आहे, चालूच आहे. आणि ढाक्याचं म्हणशील, तर महाराज स्वतःच सांगतात वय पस्तीस. म्हणजे एकाहत्तर साली पोरगं शाळेत होतं. गणिताच्या तासाला सेनापतीचा हात धरला होय?"

मला हसू फुटलं. मोहिनीला नाही.

"तुमचं वाचलेलं, माझं पाहिलेलं," ती म्हणाली. "दिवा विझतो की नाय? डोळ्यांनी पाहिलाय."

सविता पुन्हा वह्यांकडे वळली. दिवा विझतो कसा ते बघायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन अगदी नकाशाच्या काठाशी बसले. एक सेवक म्हणाला, "आजी, मागे सरका." मी म्हटलं, "बाळा, मला कमी दिसतं, कमी ऐकू येतं, आणि मागे सरकायची मला सवय नाय."

त्या दिवशी श्रीलंकेची पाळी होती. महाराजांचं भाषण रंगलं. कुठल्या राजाला फोनवर कसं झापलं, कुठलं आरमार बोटाच्या इशाऱ्याने कसं परत फिरवलं. आणि बोलण्याच्या मध्येच मला आवाज आला. तड्. मग पुन्हा, तड् तड्.

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. माहेरी आमच्याकडे तेल चमचाभर असायचं. तेवढ्याने वाटीचा तळसुद्धा झाकत नाही. मग आई वाटीत आधी पाणी घालायची आणि वरून तेल सोडायची. तेल पाण्यावर तरंगतं, वातीपर्यंत पोहोचतं. चमचाभर तेलाच्या उजेडात भाकरी थापून व्हायच्या. तेल संपत आलं की वात पाण्याला टेकते, तडतडते आणि दिवा जातो. तडतड ऐकली की आम्ही पोरं पटापट जेवून घ्यायचो.

इथेही आधी दिवा तडतडला, आणि मग महाराजांना मंत्र आठवला.

"ओम शांती, सीजफायर..."

मी उठले, रांगोळीतून चालत गेले आणि श्रीलंकेची वाटी उचलून ओंजळीत उलटी केली. वर तेलाचा नुसता तवंग. बाकी पाणी, बोटांमधून गळणारं.

"हे बघा गं!" मी बायकांना हात दाखवला. "ज्या देशाची लढाई आज थांबवायची, त्याच्या वाटीत चमचाभर तेल. बाकीच्यांच्या वाट्या काठोकाठ. लढाई विझत नाय, तेल संपतं!"

"अभिषेकाचं जल आहे ते!" महाराज ओरडले.

"असू द्या. मी माझ्या घरून कोरडी वाटी आणते, तेल मी घालते. ती विझवा."

महाराज खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता शिव्या देतील. पण ते अगदी हळू बोलले, पोटच्या पोरीशी बोलावं तसं. "भागुबाई, तुमचा लखन दम्मामला आहे ना? आता त्याचं जे होईल ते माझ्याकडे मागायला येऊ नका."

पुढे बसलेल्या बायका माझ्यापासून सरकल्या, लांब, एकेक करून. जणू माझ्या अंगाला काही लागलं होतं. लखनचं नाव त्यांना कसं कळलं ते मला माहीत होतं. मोहिनीनेच तर सांगितलं होतं. तरी घरून कोरडी वाटी आणायची माझी हिंमत झाली नाही. भीतीला अक्कल नसते, आणि तो माणूस नेमका तिच्यावरच जगत होता.

घरी आल्यावर मोहिनी एवढंच म्हणाली, "ह्यांना काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाय." सविता काही बोलायला गेली, तिला मी डोळ्यांनी गप्प केलं.

सकाळी चहा ठेवायला गेले तर ओट्यावर एक वाटी होती. तळाला पाणी, पाण्यात काळी पडलेली वात. शेजारी आणखी एक वाटी, तसंच पाणी, तशीच वात. एकदा करून मोहिनीचं समाधान झालं नव्हतं. मी दोन्ही वाट्या घासून ठेवल्या.

शुक्रवारी कोंडाजीच्या दुकानात फोन वाजला. मोहिनीने उचलला. लखनचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. "मोहिनी, लवकर बोल. मुकादम खाली उभाय. पासपोर्ट घेऊ का नको?"

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. माझा हात फोनकडे गेला होता, तो मी मागे घेतला.

"घ्या," मोहिनी म्हणाली. "घरी या. अश्विनभाऊंनाबी घेऊन या."

खर्रर्र आवाज आला आणि लाइन गेली. त्याने ऐकलं की नाही, कोण सांगणार?

मग वाट बघणं सुरू झालं. शनिवारी काही नाही. रविवार, सोमवार काही नाही. पंधरा तारखेला महाराजांनी मोठा दिवा विझवला, पेढे वाटले. "झालं! युद्ध मी रद्द केलं!" आमच्या दाराशी पेढा कोणी आणला नाही. सतरा तारखेला सकाळी रेडिओने सांगितलं की बगदादवर बॉम्ब पडतायत. कॉलनीत नळाला पाणी आलं होतं, पण बायका रेडिओपाशीच उभ्या होत्या.

त्याच दिवशी दुपारी लखन आला. शेवटच्या गर्दीत तिकीट मिळायला चार दिवस विमानतळावर पडून होता. एकटाच आला. "अश्विनला लय ओढलं. म्हणाला, आईने शपथ घातलीय."

संध्याकाळ व्हायच्या आत महाराजांचे सेवक हार घेऊन दारात! महाराजांच्या कृपेने लखन परत आला, त्याचा सत्कार. मी काठी शोधत होते, तेवढ्यात मोहिनीने पदर खोचला. "चला," म्हणाली. "मी येते."

मैदान पुन्हा भरलं होतं. महाराजांच्या आवाजात जराही लाज नव्हती. "मी युद्ध तिकडेच कोंडून ठेवलंय! नाहीतर आज नाशिक जळत असतं! आणि हा बघा लखन, मी उचलून आणलेला!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. तेवढ्यात वत्सलाबाई उठल्या, डोक्यावरचा पदर गळालेला. "महाराज, माझा अश्विन? फोन लागत नाय."

"तुझी श्रद्धा कमी पडली, माई."

मोहिनी लखनच्या गळ्यातला हार काढत पुढे झाली. "कमी पडली? वत्सलाकाकूंनी तुमचा शब्द न् शब्द ऐकला, म्हणून अश्विनभाऊ तिकडे आहेत. आम्ही ऐकलं नाय, म्हणून हे इथे उभे आहेत. महाराज, ह्यांना तुम्ही आणलं नाय. तुम्ही तर राहा म्हणाला होता. मीच विचारायला आले होते."

महाराजांनी टाळीसाठी हात वर केला. टाळी पडली नाही. मागून एक कामगार हातातला पेढ्याचा पुडा नकाशावर ठेवून चालता झाला, आणि त्याच्या मागे बाकीचे. वत्सलाबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांना धरून मी आणि सविताने घरी नेलं, आणि त्या रात्री आमच्या रेडिओपाशीच झोपवलं.

बायांनो, बाप्यांनो, महाराज त्या आठवड्यात गेले. दुसऱ्या गावी दुसरी लढाई थांबवत असतील. कफनी घालून असो की कोट घालून, जो कोणी सांगेल की अमुक लढाई मी थांबवली, त्याला तीन गोष्टी विचारा. कधी? कशी? आणि ती खरंच थांबली का? उत्तर देण्याऐवजी तो तुमच्या लेकराचं नाव घेऊन भीती घालायला लागला, तर दुसरा पुरावा शोधत बसू नका. लेकराला घरी बोलवा.