बयाबाईचा अंगठा

निरीक्षण

पहिलं नाव गेलं तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. दुसरं गेलं तेव्हा मागच्या बायकांनी हात जोडले. तिसरी सही आमच्या मुख्याध्यापकांची, दत्तोपंतांची. 'द'ला शेपूट आणि शेपटाला गोंडा. तीही पाण्यात बुडाली, फिकट झाली आणि गेली, तेव्हा हुंबरवाडीच्या शाळेच्या पटांगणात जमलेली तीनशे माणसं एकदम "आई गंऽ" म्हणाली.

सव्वीस जानेवारीच्या आधीचा शनिवार. सकाळची शाळा. वर्ष एकोणीसशे ब्याऐंशी. शाळेत हात असलेली खुर्ची एकच, तिच्यावर धवलनाथ महाराज बसले होते. दत्तोपंत स्टुलावर. समोर तांब्याचं घंगाळ, त्यात पाणी, पाण्यावर झेंडूची फुलं, आणि चारी बाजूंनी धुपाचा एवढा धूर की फळ्यावरचा सुविचार दिसेना. सुविचार होता: सत्य लपत नाही.

"शाई म्हंजे काय रं बाळांनो?" महाराज म्हणाले. "मनाची सावली. आन् आई म्हंजे काय? दिवा. दिव्याम्होरं सावली ऱ्हाती व्हय?"

"न्हाय ऱ्हात," गर्दी म्हणाली.

दिवा असतो म्हणूनच सावली पडते, हे पाचवीच्या पुस्तकात आहे. पण पाचवीचा वर्ग त्या वेळी महाराजांना वारा घालत होता.

रिकामी जागा भरा: बुधवारी संध्याकाळी शाळेचा _____ चोरीला गेला

उत्तर: टोल. पितळेचा, ताटाएवढा. तो गेल्यापासून दत्तोपंत व्हरांड्यात उभे राहून टाळ्या वाजवत आणि तास भरत असे.

बुधवारी शाळा सुटल्यावर आत येऊन गेलेली माणसं सहा. आम्ही तीन शिक्षक. शाळा समितीचे अध्यक्ष बाळासो. बाकं दुरुस्त करायला आलेला आकाराम सुतार. आणि बयाबाई. बयाबाई पंधरा वर्षं शाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची, फळे पुसायची, टोल द्यायची. नवरा नाही. एक लेक, ती इचलकरंजीत दिली. शाळा हेच तिचं घर म्हणता येईल, कारण तिच्या खोपीपेक्षा शाळेला कौलं जास्त होती.

पोलिसांत जायच्या ऐवजी बाळासो महाराजांकडे गेले. महाराजांची रीत साधी. संशयितानं आपलं नाव आपल्या हातानं कागदावर लिहायचं. कागद आईच्या, म्हणजे देवीच्या, पाण्यात सोडायचा. जो निर्दोष, त्याचं नाव आई पुसून पोटात घेते. जो चोर, त्याचं नाव पोटात घ्यायला ती तयार नसते.

शाळेची दौत, शाळेची शाई, शाळेचा टाक. कुठं खोट काढायला जागा नव्हती. पाच जणांनी नावं लिहिली.

"मला लिवता येत न्हाय," बयाबाई म्हणाली.

"म्हणून आईनं तुजी सोय केलीया," महाराज म्हणाले, आणि समईवर धरलेली पितळी ताटली त्यांनी उलटी केली. काजळी, वर तेलाचा थेंब. "लाव अंगठा."

दत्तोपंतांच्या पाठोपाठ माझं नाव गेलं. तिसऱ्या शिक्षकाचंही गेलं.

मी या शाळेत विज्ञान शिकवायचो. माझं नाव गेलं तेव्हा मला बरं वाटलं. हे वाक्य खोडावंसं वाटतंय. खोडत नाही.

शेवटी बयाबाईचा कागद. महाराजांनी पन्नास आकडे मोजले, वर आणखी पन्नास मोजले. अंगठा जिथल्या तिथं. ओला होऊन उलट जास्तच उठून दिसत होता. एकेक रेघ मोजून घ्यावी.

"बया," बाळासो म्हणाले, "टोल कुठं हाय ते सांग. पोरांम्होरं तमाशा नको."

बयाबाईनं कागदाकडं बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडं. "ह्यो माझा अंगठा हाय. मी लावला, म्हणून ऱ्हायला. तुमची नावं कुठं गेली ते तुमी सांगा की."

त्या सकाळी विचारला गेलेला हा एकमेव शास्त्रीय प्रश्न. तो ज्या बाईनं विचारला तिला अक्षर येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं तो आपल्या चपलेचा अंगठा बघत होता.

बाळासोंनी निकाल दिला. मंगळवारी झेंडा लागायच्या आत टोल जागेवर यायला पाहिजे. नाही आला, तर बयाला शाळेची पायरी बंद.

"आन् शाळंची बंद झाली," गर्दीतून कोणीतरी पुरवणी जोडली, "की आडाची बी बंद."

हजेरी, सोमवार

बयाबाई: गैरहजर. पाण्याचा माठ: कोरडा. झाडलोट: बाळासोंची भावजय झुंबरबाई. मंगळवारची वाट बघण्याइतका धीर त्यांच्या घरात नव्हता. तिनं व्हरांडा झाडला आणि कचरा सातवीच्या वर्गात लोटला.

सातवीत हौसा होती. गुऱ्हाळावर गुळव्या असलेल्या आण्णांची मुलगी. रस किती कढवायचा, कधी उतरवायचा, हे ज्याला नजरेनं कळतं तो गुळव्या. मी पदार्थाच्या अवस्था शिकवत होतो. हौसानं हात वर केला.

"गुर्जी, महाराजांच्या पाण्याला वास येत हुता."

"धुपाचा."

"धुपाच्या खालनं. काडी वडल्यावर येतोय तसला. आमचा आण्णा घरी आला की त्येच्या अंगाला येतोय."

"कशाचा?"

"पावडरीचा की."

वर्गातल्या निम्म्या पोरांनी मान हलवली, जशी काही ही गोष्ट मलाच तेवढी माहीत नव्हती.

मला माहीत होती. हुंबरवाडीत अकरा गुऱ्हाळं. काळपट गूळ बाजारात कोणी हुंगत नाही, म्हणून रसात पांढरी पावडर टाकतात. हायड्रोस तिचं नाव. रसाचा रंग उडतो, गूळ सोन्यासारखा पिवळा होतो आणि खाणाऱ्याच्या पोटाचं काय होतं ते खाणारा बघतो. गावात असं घर नाही जिथल्या माणसानं तो डबा उघडलेला नाही.

"वासावरनं कसं म्हणायचं?" मी विचारलं.

हौसानं परकराचा घेर पुढं धरला. शाळेचा निळा परकर, गुडघ्यापाशी रुपयाएवढे चार पांढरे ठिपके. "आण्णाला भाकरी द्यायला गेलते तवा सांडली. आईनं डाग म्हणून धुतलं, मग मला धुतलं. डाग न्हवं त्यो. रंगच गेलाय."

निळा रंग. मी टेबलावरच्या दौतीकडं पाहिलं.

कृती

आकाराम सुताराच्या पोरीनं गुऱ्हाळावरून कागदात चमचाभर पावडर आणली. आम्ही तीन वाट्या घेतल्या.

पहिल्या वाटीत नुसतं पाणी. 'हुंबरवाडी' लिहिलेला कागद बुडवला. शाई पसरली, पाणी निळं झालं, गाव वाचता येत राहिलं.

दुसऱ्या वाटीत पाणी आणि पावडर. चाळीस मोजेपर्यंत हुंबरवाडी नाहीशी.

तिसऱ्यातही तेच पाणी, पण कागदावर माझा अंगठा, कंदिलाच्या काजळीचा. पोरांनी शंभर मोजले, दोनशे मोजले. एकानं कंटाळून उलटे मोजले. अंगठा हलला नाही. काजळी म्हणजे कोळसा. कोळशाचा रंग कोणती पावडर उडवणार?

तेव्हा मला शुक्रवार आठवला. मी बाळासोंच्या सोप्यात चहा पीत होतो. महाराजांनी सहज विचारलं होतं, "शाळंत अंगठेवालं कोण कोण हाय?" बाळासो म्हणाले, "शाळंत? एकटी बयाच की." मला वाटलं होतं, महाराजांना प्रौढ शिक्षणाची आस्था दिसते.

दत्तोपंतांना सांगितलं. ते बराच वेळ टाळी वाजवायच्या पवित्र्यात उभे राहिले.

"अहो मास्तर, तपासणी तोंडावर आलीय. चमत्कार अभ्यासक्रमात नाही हे खरं. पण तो खोटा ठरवणं तरी कुठं आहे?"

"बयाबाई उद्या गाव सोडेल."

त्यांनी मान वळवून कोरड्या माठाकडं पाहिलं. मग कार्यक्रमपत्रिका पुढं ओढली, टाक बुडवला, आणि लेझीम व अध्यक्षीय भाषण यांच्यामध्ये एक ओळ दामटून बसवली.

कार्यक्रमपत्रिका, मंगळवार

१. ध्वजवंदन. २. लेझीम. ३. विज्ञान प्रयोग: कु. हौसा, इयत्ता सातवी, वेळ पाच मिनिटे. ४. अध्यक्षीय भाषण.

चौथा कार्यक्रम झाला नाही.

झेंडा लागला. टोल आला नव्हता. बयाबाई मेंदीच्या कुंपणाबाहेर उभी होती, डोक्यावर गाठोडं. इचलकरंजीची गाडी अकराला होती. महाराज प्रमुख पाहुणे, पुन्हा त्याच खुर्चीत.

हौसानं शाळेची बादली पुढं आणून ठेवली. "अध्यक्षांनी ह्या कागदावर सही करावी. आन् ह्येच्यावर अंगठा."

"अंगठा?" बाळासो म्हणाले. "मी काय अंगठेबहाद्दर हाय व्हय?"

"लावा की," मागून आकाराम म्हणाला. "पोरीचा प्रयोग हाय. अंगठा काय झिजतोय?"

लोक हसले. हसणाऱ्यांपुढं नाही म्हणणं पुढाऱ्याला जमत नाही. बाळासोंनी सही केली, अंगठा काजळीत बुडवला आणि उमटवला. हौसानं दोन्ही कागद बादलीत सोडले.

महाराजांच्या नाकानं पाणी आधी ओळखलं. "थांबा," ते म्हणाले. "मंत्राबिगर पाणी म्हंजे नुसतं पाणी. ह्येला सिद्धी लागती."

"मंत्र येत न्हाय मला," हौसा म्हणाली. "पाढा म्हणते." आणि तिनं एकोणतीसचा सुरू केला, ज्याला आमच्या शाळेत पोरं भुतापेक्षा जास्त भितात. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. दोनशे बत्तीसपर्यंत बाळासोंची सही फिकी झाली. दोनशे नव्वदला कागद कोरा.

तिनं दुसरा कागद वर काढला. अंगठा टवटवीत.

मग आकाराम शांतपणे म्हणाला, "अध्यक्ष, टोल कुठं ठिवलासा?"

"आरं, मी कशाला नीन?" बाळासो उठून उभे राहिले. "ह्यो पावडरीचा खेळ हाय. गुऱ्हाळावरची पावडर हाय ती, आमच्या घरात बी हाय. कुणाचा बी अंगठा ऱ्हाईल."

"मग बयामावशीचा का ऱ्हायला?" हौसानं विचारलं.

तीन माणसं खाली बसलेली उठली. त्यांच्यामागून आणखी उठली. कोणी ओरडलं नाही. हुंबरवाडीत ओरडणं नेहमीचं आहे, म्हणून ती शांतता महाराजांना जास्त लागली असावी. "पोट बिघडलंय," असं म्हणून ते शाळेमागं गेले ते मागच्या बांधावरून कागलच्या रस्त्याला लागले. घंगाळ बाळासोंच्या सोप्यात तसंच राहिलं.

अनुमान

मी उठून सगळं सांगितलं. इथंही सांगतो, कारण हे महाराज गेले तरी त्यांच्या धंद्याची माणसं अजून हिंडतायत. शाईचा रंग हायड्रोसनं उडतो. काजळीचा उडत नाही. झेंडू पाणी झाकतो, धूप वास झाकतो. लिहिता येणारा सुटतो आणि न येणारा सापडतो, म्हणून या देवीला प्रत्येक गावात एक अंगठेवाला लागतो. तो बहुतेक विधवा असतो, सालगडी असतो, ज्याच्या बाजूनं कोणी बोलणार नाही असा असतो. पावडर पत्र्याच्या डब्यात होती तोवर सगळं गाव तिला ओळखत होतं. तांब्याच्या भांड्यात गेल्याबरोबर गावानं ओळख सोडली आणि हात जोडले.

टोल कोणी नेला? माहीत नाही. आजही नाही. 'माहीत नाही' लिहिणाऱ्या पोराला आम्ही शून्य देतो, पण एखाद्या बाईचं नाव लिहून उत्तरपत्रिका पुरी करण्यापेक्षा ते शून्य बरं.

बाळासो कुंपणापाशी गेले. गावच गेलं. "बया, झालं गेलं," ते म्हणाले. "उद्यापास्नं ये."

"आज का नगं?" बयाबाई म्हणाली. गाठोडं तिनं खाली ठेवलं, पण आत आली नाही. "शनवारी तीनशे माणसांत चोर म्हणालासा. तीनशे हायती का बघा, आन् मग बोला."

बाळासोंनी मागं वळून पाहिलं. होती. ते बोलले. पहिल्यांदा पुटपुटले, तेव्हा ती म्हणाली, "ऐकू न्हाय आलं." दुसऱ्यांदा ऐकू आलं.

मग ती आत आली आणि माझ्यासमोर थांबली. "गुर्जी, तुमी शिकलेलं. तुमचं नाव गेलं तवाच तुमास्नी इचारावं वाटलं न्हाय?"

माझ्याकडं उत्तर होतं. निकाल माझ्या बाजूनं लागला होता. मी निर्दोष होतो, आणि ज्यानं मला निर्दोष ठरवलं त्याची तपासणी करायची माझी इच्छा नव्हती.

म्हणून एवढंच मागणं आहे. चमत्कार आपल्याविरुद्ध गेला की शंका सगळ्यांनाच येते. तो आपल्या बाजूनं जातो, आपलं नाव स्वच्छ करतो, आपल्याला बरं वाटतं, त्या वेळी हात जोडू नका. हात वर करा आणि विचारा, पाण्यात काय आहे.